रिकाम्या वॉर्डातला श्वास

"शेगडीजवळ सरका, पोरांनो. पण मध्येच हसायचं नाही," म्हातारा गवंडी मकुंबा म्हणाला. "ताडाला नावाची ही बाई माझ्या ओळखीची. खोटं बोलणारी नव्हे."

देद्झाच्या डोंगरातल्या एका दवाखान्यात क्षयरोग्यांसाठी नवा वॉर्ड बांधून झाला होता. मातीच्या विटा, उंच छप्पर, तेरा खिडक्या, पंखा एकही नाही. रोगी यायला आठवडा होता. ताडाला ब्लांटायर शहरातली आर्किटेक्ट. दवाखान्यांतल्या हवेवर तिचं संशोधन. थंडीत लोक खिडक्या लावूनच घेतात, मग पुढच्या आठ वॉर्डांना त्या हव्यात कशाला, असं वरच्या कचेरीचं म्हणणं. खिडक्या हव्यातच हे दाखवायला तिला आकडे हवे होते. आधी रिकाम्या, बंद वॉर्डाचे.

अठरा जून, मंगळवार, आमच्याकडची ऐन थंडी. सगळं बंद करून, दाराला कुलूप घालून ती रात्री पडवीत बसली. माणसांच्या श्वासाने हवा किती कोंदते ते मोजणारं यंत्र आत; आकडे तिच्या लॅपटॉपवर. सोबत राखणदार न्यिरेंडा.

"रिकाम्या खोलीची राखण तुम्ही करणार, बाई? मग मी कशाला आहे?"

"तुम्ही झोपता, आजोबा. म्हणून मी."

एक वाजेपर्यंत आकडा चारशे वीस. बाहेरच्या हवेइतकाच. एक वीसला सहाशे. मग नऊशे.

"आत कोण झोपलंय?"

"कुलूप तर तुम्हीच लावलंत!"

चौदाशे. तिने हिशेब केला. एवढं कोंदायला वीस-बावीस माणसं लागतात.

"आजोबा... इथं आधी काय होतं?"

"जुना वॉर्ड. क्षयाचाच. त्या वर्षी थंडी फार, म्हणून खिडक्या खिळे ठोकून..."

"आणि?"

न्यिरेंडा कांबळं आवळत दारापासून लांब सरकला.

दोन हजार. आत कुणीतरी खोकलं. हळूच. तोंडावर हात धरून खोकावं तसं.

न्यिरेंडा पळाला. ताडालाने मात्र कुलूप काढलं.

अंधार... आणि ऊब. पांघरुणाखाली असते तशी. टॉर्च लावायचा धीर होईना. भिंत चाचपत पहिली खिडकी उघडली. दुसरी. तिसरी. पाठीशी कुणीतरी धापा टाकत होतं... ती वळली नाही. तेरावी.

गार वारा आरपार गेला. मग... काहीच नाही.

आकडा चारशे वीस.

कचेरीत ती हे बोलली नाही. भांडून आठही वॉर्डांच्या खिडक्या मात्र तिने राखल्या.

पण त्या सकाळी उजेडात तिने काचा पाहिल्या. तेराही काचांवर, आतून, अगदी फटीपाशी... ओठांचे ठसे. खाटेवरून मान उचलून पोचता येईल, एवढ्याच उंचीवर.

खाटा तर अजून आल्याच नव्हत्या.