साठ किलोची दांडी

बसा, पंचसाहेब. दिवा त्या कोपऱ्यातच राहू द्या, काट्यावर थेट उजेड नको. तुम्ही वीस वर्षं जिल्ह्यात मुष्टियुद्धाचे पंच होतात, म्हणूनच बोलावलं. पण आधी हा काटा इथं कसा आला ते ऐका.

मे महिन्यातली दुपार होती. दुसऱ्या दिवशी चिकलठाण्याच्या याच शेडमध्ये विभागीय निवड चाचणी होती आणि आमचा बॅटरीवरचा काटा ऐनवेळी रुसला. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या जुन्या, बंद पडलेल्या हॉलमध्ये लोखंडी दांडीचा एक काटा होता. तो आणायला मी आणि माझी शिष्या तनुजा रिक्षा करून निघालो.

वाटेत ती म्हणाली, चौपन्न किलोत जालन्याची एक मुलगी आहे, तिनं दोघींना आडवं केलंय. सकाळी दोन बाटल्या पाणी पिऊन वजनाला उभी राहिले तर वरच्या गटात जाईन. मग तिनं विचारलं, "सर, मोठे बॉक्सर तगड्या गड्याला शोधत जायचे, का टाळायचे?"

माझं उत्तर ठरलेलं होतं. मोठा खेळाडू घाई करत नाही, योग्य वेळ आली की भिडतो. हे मी इतक्यांदा सांगितलं होतं की मलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

खरं म्हणजे मी याह्याला टाळत होतो. याह्या माझ्याच हॉलमधला, माझ्याच वजनाचा, डावखुरा. एकदा सरावात त्यानं बरगडीखाली असा ठोसा ठेवून दिला की मी गुडघ्यावर बसलो आणि बराच वेळ मला श्वासच सापडेना. त्या दिवशी ठरवलं, याच्यासमोर लढतीत उभं राहायचं नाही. साठ किलोच्या वजनाआधी पोटभर पाणी प्यायलो आणि वरच्या, चौसष्टच्या गटात गेलो. सुवर्णपदक मिळालं. लोक म्हणाले, अंग भरलं. पुढच्या वर्षी याह्या केळी खाऊन, पाणी ढोसून चौसष्टमध्ये आला. मी एकोणसत्तरमध्ये पळालो. तो तिथंही आला, तेव्हा मी हात दुखावल्याचं सांगून खेळणंच सोडलं. दरवेळी तो हसून विचारायचा, "गोकुळभाई, कब तक?" बारा वर्षांपूर्वी तो काविळीनं गेला. मी जनाज्यालासुद्धा गेलो नाही.

हॉलची किल्ली तिथल्या जुन्या राखणदाराकडं, चांदपाशांकडं होती. त्यांनी कुलूप काढलं आणि स्वतः उंबऱ्याबाहेरच थांबले. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत मात्र तळघरासारखा गारवा. चामड्याचा, जुन्या घामाचा आणि मालिशच्या तेलाचा वास होता. तेलाचा वास ताजा होता.

काट्यामागच्या भिंतीवर आमची नावं अजून होती. आमच्या उस्तादांचा नियम होता: काट्यावरून उतरायचं आणि आपलं वजन आपल्याच हातानं, आपल्या नावाखाली खडूनं लिहायचं. दुसऱ्यासाठी कुणी लिहायचं नाही. माझ्या नावाखाली साठ, चौसष्ट, एकोणसत्तर, पुढं काही नाही. याह्याच्या नावाखालीही तेच. पण त्याचे आकडे तिथं थांबले नव्हते. सत्तर, बहात्तर, पंच्याहत्तर... डावखुऱ्याच्या हातचे, मागं कललेले.

काटा चालतो का बघायला तनुजा चढली. चौपन्न. मग मी चढलो. अठ्ठ्याहत्तर. मी उतरलो.

काट्यावर कुणी नसलं की दांडी खटकन खाली पडते. ती पडली नाही. तशीच मधोमध तरंगत राहिली... आम्ही दोघं बघत राहिलो. मग काट्याची फळी करकरली आणि दांडी पडली.

"सर..." तनुजा हळूच म्हणाली, "हे तुम्ही लिहिलंत?"

याह्याच्या नावाखाली अठ्ठ्याहत्तर होतं. मी बोट लावलं तर खडू बोटाला आला.

दारातून चांदपाशा म्हणाले, "तुमचं वजन वाढलं की त्याचंबी वाढतंय, भाई. लई जड झालंय त्याला. म्या पुसत नाय."

परतताना रिक्षात मी तनुजाला सगळं सांगून टाकलं. लाज वाटली, पण सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती पाणी न पिता चौपन्नमध्येच खेळली, गुणांवर हरली आणि सुजलेल्या ओठांनी हसत खाली उतरली. मला तिचा हेवा वाटला.

काटा इथंच राहिला. या भिंतीला ऑइलपेंट आहे, त्यावर खडू धरत नाही. तरी आठ दिवसांत तिथं आमची दोन्ही नावं उमटली. तेव्हापासून मी जेवण तोडलं. बायको रोज भांडते, डॉक्टरांनी कसल्या कसल्या तपासण्या लिहून दिल्यात. मी पंच्याहत्तरवर आलो, तो पंच्याहत्तर. मी अडुसष्ट, तो अडुसष्ट. जिथून पळालो तिथंच मला परत जायचं होतं.

आज सकाळी साठवर आलो. खडू घ्यायला वळलो, तर माझ्या नावाखाली साठ आधीच लिहिलेलं. मागं कललेलं.

ग्लोव्ह्ज चढवले की मला घंटा वाजवता येणार नाही, म्हणून तुम्ही. तीन फेऱ्या, नियमाप्रमाणे. मी पडलो तर सावकाश मोजा, पण मधे लढत थांबवू नका. आता तुमच्यादेखत काट्यावर चढतो. साठ. बघितलंत ना?

हा मी उतरलो, पंचसाहेब.

दांडी अजून पडलेली नाही.