पालथी फळी

दिवेआगरच्या अलीकडे, कस्टमच्या कुणा गोऱ्या साहेबासाठी बांधलेला दुमजली बंगला आहे. चक्रीवादळात त्याची कौलं उडाली, भिंती मात्र हलल्या नाहीत. तो पुन्हा उभा करायचं काम कल्पिताकडे होतं. जुनं ते सोनं म्हणून गळे काढणाऱ्यांतली ती आर्किटेक्ट नव्हती. टिकेल ते ठेवायचं, उरलेलं बदलायचं, एवढंच तिचं शास्त्र.

खाली गावातल्या नूतनच्या बचत गटाचा मसाल्याचा धंदा, वर पाळणाघर, असं ठरलं होतं. गटातल्या बाया वाडीत सुपारी वेचायला जात आणि पोरं झाडाखाली गोणपाटावर निजत. सोमवारपर्यंत कल्पिताने इमारत वापरायला योग्य असल्याचा दाखला दिला नाही, तर पंचायत बंगला एका रिसॉर्टवाल्याला देणार होती.

वरच्या खोलीच्या समुद्राकडच्या खिडकीला खाली सागाची जाड फळी होती. तिच्या आतल्या कडेला दोन उथळ खळगे पडले होते. कुणीतरी वर्षानुवर्षं तिथे कोपरं टेकून समुद्र पाहिला असणार.

"पालथी घाला," कल्पिता अंबाजी सुताराला म्हणाली. "खालची बाजू सपाट आहे. नवं लाकूड कशाला?"

अंबाजीने रंधा खाली ठेवला. "बापूस सांगायचा, झिजलेली फळी पालथी घालू न्हाय."

"का?"

"त्ये त्यालाबी म्हाईत नव्हतं."

कल्पिता हसली. मंगळवारी फळी पालथी बसली, वर पॉलिश चढलं.

शुक्रवारी दुपारी पॉलिश तपासताना तिचा हात थांबला. फळीच्या बाहेरच्या कडेला दोन खळगे होते. तिने टेप लावला. अंतर अकरा इंच. आधीच्या खळग्यांमधलंही तेवढंच होतं.

"अंबाजी, फळी परत उलटली का?"

अंबाजीने खाली वाकून फळीखालच्या फटीत बोटं घातली. "न्हाय. जुने खळगे खालीच हायत."

कल्पिताने बाहेर डोकावून पाहिलं. परांची उतरवून आठवडा झाला होता. सरळ भिंत, अठरा फूट, खाली वाळू.

आधी टेकणारा आत होता आणि बाहेर बघत होता.

ती दोन पावलं मागे सरली. तिला भीती वाटली आणि भीतीची लाज वाटली. तिने खिडकी लावून कडी घातली.

दारात नूतन उभी होती. "ताई, दाखला मिळंल ना? पोरांची नावं लिवून घेतलीत."

कल्पिताने खिडकीकडे पाहिलं, मग नूतनकडे. काय कारण लिहायचं?

"मिळेल," ती म्हणाली आणि तिथेच सही केली.

पुढच्या गुरुवारी पनवेलच्या ऑफिसात तिला नूतनचा फोटो आला. चटईवर अकरा पोरं, मध्ये नवंकोरं बुटकं मेज, मागे कडी घातलेली खिडकी. फोटोखाली नूतनचा व्हॉइस मेसेज होता, आवाज आनंदाने भरलेला.

"ताई, पोरं लय खूश हायत. फकस्त त्या मेजाचं सुतारास सांगा. नवा माल म्हनून दिला, नि खिडकीकडच्या बाजूला दोन जागी झिजलाय. तिथं कुनीच पोर बसत न्हाय. जागा धरलीय म्हनतात."