शिंप्याचं रक्त

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मामांची. मामांना थापा मारायची सवय नाही. उलट चार वेळा विचारल्यावर एकदा बोलणारा माणूस.

मामा तुरुंगात शिपाई होते. एका उन्हाळ्यात, दुपारी, कैद्यांच्या शिवणखात्यात मारामारी झाली. सोडवताना मामांच्या हाताला कात्री लागली आणि एका कैद्याचं रक्त त्या जखमेवर सांडलं. त्या कैद्याला सगळे शिंपी म्हणत.

नियम असा होता, की शिपायाला कैद्याचं रक्त लागलं तर त्या कैद्याची तपासणी सक्तीची. त्याची मर्जी असो वा नसो.

"साहेब, मला कसला रोग नाही हो," शिंपी विनवत होता. "असे धरू नका..."

चौघांनी दाबून धरलं. रक्त काढलं. मग त्याला एकट्याला वेगळ्या कोठडीत टाकलं.

मामांनी मामीला आणि पोरीला माहेरी धाडलं. रिपोर्ट येईपर्यंत कुणाला हात लावायचा नाही, असं त्यांनीच ठरवलं. सोबतचे शिपाई डबा पायरीवर ठेवून लांबूनच निघून जात.

क्वार्टरमध्ये मामा एकटे. पोरीची बडबड नाही. मामीच्या बांगड्या नाहीत. अंगात बारीक ताप.

शेजारचं क्वार्टर रिकामं होतं. बाहेरून कुलूप.

तिसऱ्या दुपारी त्या भिंतीवर...

टक. टक.

मामा उठून बसले.

"साहेब... जेवलात का?"

आवाज शिंप्याचा होता.

 मामा बाहेर धावले. शेजारचं कुलूप जागच्या जागी. त्यावर धूळ.

तापात भास होतात, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

पण पुढच्या दुपारी पुन्हा... टक. टक.

"साहेब, माझं रक्त कसं निघालं? मला कुणीच सांगत नाही."

मामांनी कानांवर उशी दाबून धरली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अजून रिपोर्ट नाही आला रे. आला की तुला मी स्वतः सांगेन."

मग रोज दुपारी दोघं बोलू लागले. ताप उतरला का, झोप लागली का... असलंच काहीबाही.

शेवटी एका सकाळी जेलरसाहेब दारात आले. "सुटलात! शिंप्याला काही नव्हतं."

"त्याला कळवलंत का?"

जेलरसाहेबांनी नजर वळवली. "तो... रक्त काढलं त्याच रात्री कोठडीतच वारला. झोपेतच. तुम्हाला ताप होता, म्हणून बोललो नाही."



साहेब गेल्यावर मामा भिंतीपाशी आले. 

"शिंपी... तुला काही नाही रे. रक्त चांगलं आहे तुझं."



मग पलीकडे... कुणीतरी हमसून हमसून रडलं. बराच वेळ.

त्यानंतर भिंत कधी वाजली नाही. मामांनी किल्ली मागून ते क्वार्टर उघडलं. फरशीवर धुळीचा थर होता. त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

हे ऐकल्यापासून माझी खाट मी भिंतीला लावत नाही. हसा हवं तर.

मी मामांना एकदा विचारलं, "तेव्हा भीती नाही वाटली?"



"वाटली ना," ते म्हणाले. "आवाज थांबल्यावर."