अकरावं किट

गप बस आणि नुसतं ऐक.

हसायचं न्हाय हां. ही इकडनं तिकडनं उचललेली गोष्ट न्हाय भावा, माझ्या सख्ख्या मामाची हाय. सयाजीमामाची.

साल दोन हजार तीन. कोल्हापुरात उद्यमनगर. अमावस्येची भर दुपार.

मामा आण्णांच्या गॅरेजात मिस्त्री. मातीवर पळवायच्या डर्ट बाईक पोरं त्येच्याशिवाय कुणाच्या हातात द्यायची न्हाईत. त्या म्हैन्यात कंपनीचं पत्र आलं. विकलेल्या अकराच्या अकरा गाड्या माघारी बोलवा. मागच्या ब्रेकच्या सिलिंडरातलं रबर खराब हाय. पैल्यांदा, दुसऱ्यांदा दाबला की ब्रेक लागतोय...

तिसऱ्यांदा पाय नुसता खाली जातोय.

पत्रासंगं नव्या रबराची अकरा किटं. मामानं आठवड्यात दहा बसवली.

अकरावी गाडी हातकणंगल्याच्या सम्राटची. एकवीस वर्षाचं पोरगं, मामाचं लई लाडकं. टेम्पोत गाडी घालून आलं, ते नेमकं अमावस्येला.

आता आण्णांचा नेम बघ. अमावस्येला गाडी धुवायची, नारळ फोडायचा, लिंबू बांधायचं. पण पाना लावायचा न्हाय. म्हंजे न्हायच.

"मिस्त्री, अर्ध्या तासाचं तर काम हाय. आजच बसवा की," सम्राट म्हणाला.

"अमावस्येला पाना लावू? आण्णा माझंच नट ढिलं करतील! सकाळी ये."

"सांच्याला सराव हाय ओ माझा."

"एका दिवसानं काय हुतंय मर्दा?"

असं म्हणून मामानं सोताच्या हातानं गाडीला लिंबू बांधलं.

रातच्याला टेम्पो परत आला. गाडी आली, मोडून.

सम्राट न्हाय आला.

माळाचा उतार. खाली दगडाची खाण. समजून घे.

गाडी घरात नगो म्हणाली त्येची आई. आण्णांनी मागच्या पत्र्याच्या शेडात टाकली, कुलूप लावलं.

फुडची अमावस्या. भर दुपार. आण्णा घरी जेवायला गेलते. मामानं एकट्यानंच डबा सोडला, भाकरी मोडली, तेवढ्यात मागनं आवाज आला...

खट.

उंदीर असंल म्हणला मामा.

खट...

घास हातातच ऱ्हायला. मामा तिसऱ्या आवाजाची वाट बघत बसला.

तिसरा आलाच न्हाय.

पुन्ना. खट... खट... आणि गप.

मामा उठला. शेडाचं कुलूप तसंच. किल्ली आणली, उघडलं. कोण न्हाय. गाडीवर म्हैन्याभराची धूळ...

ब्रेकच्या पेडलावर तेवढी न्हाय. घासून घासून चकाकत हुता.

आणि पेडल खाली दबलेला.

मामानं हातानं वर वडला. आला वर. सोडला... तर हळूच परत खाली. जसा कुणीतरी पाय ठीवलाय.

मामाची नजर हँडलवर गेली. लिंबू. म्हैन्यापूर्वी बांधलेलं. वाळायला पायजे हुतं की न्हाय?

ताजं पिवळं. सकाळी बांधल्यागत.

आणि सीटवर किट. अकरावं. जे मामानं कपाटात कुलपात ठेवलं हुतं.

मामा तसाच पळाला. चपला शेडातच ऱ्हायल्या.

आज सहा वर्षं झाली. आण्णा गेले. गॅरेज आता मामाच चालवतोय. गाडी तिथंच हाय, कुठला भंगारवाला उचलत न्हाय. आणि दर अमावस्येला, दुपारी... दोन आवाज. तिसरा न्हाय.

मी एकदा म्हणलं, "मामा, बसवून टाक की ते किट. सुटंल बिचारा."

मामा शेडाच्या कुलपाकडं बघत म्हणला,

"बसवीन रं. पण ब्रेक लागला... गाडी थांबली... आन त्यो उतरून माझ्याफुडं हुबा ऱ्हायला, तर त्येला काय सांगू?"

परवा अमावस्या हाय. काल मामानं पाना पुसून ठेवलाय. दुपारी संगं ये म्हणालाय मला.

मी अजून व्हय म्हणलो न्हाय.

खरं सांग लेका... तू असतास तर काय केलं असतंस?