पपईखालची तार

भावना ओल्या कपड्यांची बादली घेऊन गच्चीवर आली, तर टाकीपासून बांबूपर्यंत नवीकोरी तांब्याची तार ताणलेली. बरं झालं, असं म्हणत तिनं तारेवर ओढणी टाकली.

"दीदी... वो रस्सी नहीं है."

टाकीमागून एक तरुण उठला. हातात पक्कड, कपाळावर घाम.

"मग काय हाय?"

"आपके पापा का नागपुर," तो म्हणाला, आणि त्यानं ओढणी इतकी जपून काढून दिली की भावनाला धड रागावताही आलं नाही.

हा यशदीप. शहराबाहेरच्या उरला औद्योगिक भागातल्या रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिशियन, आणि लांबलांबची रेडिओ स्टेशनं पकडायचा भारी नाद. मराठी सगळं कळायचं, पण बोलायचा हिंदीच. नोकरीपायी या हिंदी मुलखात येऊन रेल्वेतून निवृत्त झालेल्या तिच्या बाबांना, गुलाबरावांना, तो विहारात भेटला, आणि त्यांनी त्याला थेट घरी आणलं. त्यांना सकाळी आकाशवाणीचं नागपूर केंद्र ऐकायचं होतं, तेही रेडिओवरच. मोबाईलवर लागतं, पण "ते लागणं नोहे", असं त्यांचं म्हणणं.

हा धरून चार रविवार गेले. गच्चीवरची एरियलची तार उंच झाली, लांब झाली. रेडिओची अर्थिंगची तार अंगणात पपईखाली गाडलेल्या सळईला गुंडाळली गेली. खरखर कमी होत गेली. भावना चहा द्यायची, पक्कड धरायची, आणि त्यांच्या पुरानी बस्ती मोहल्ल्यात रविवार एवढ्या उशिरा का येतो म्हणून वैतागायची.

चौथ्या रविवारी तो म्हणाला, "अब सब ठीक है. मेरा काम ख़तम."

काम संपलं म्हणजे येणंही संपलं. पुढच्या शनिवारी संध्याकाळी तिनं पपईखाली बसून तारेचे वेढे हळूच सैल केले.

रविवारी सकाळी नुसती खरखर. गुलाबरावांनी फोन केला, यशदीप आला. बांबू पाहिला, टाकी पाहिली, दोनदा चहा प्यायला... आणि अगदी शेवटी सळईकडे वळला. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही.

आता मात्र तिला राहवेना. "तुम्ही इलेक्ट्रिशियन ना? पहिले अर्थिंग काहून नाही पाहत?"

"पहले देख लूँ तो... दस मिनट में घर जाना पड़ेगा." तो खाली बघत तार गुंडाळत राहिला. "और कसके नहीं बाँधता. खोलने में आपकी उँगलियाँ दुखेंगी."

भावनाची कानशिलं तापली.

तेवढ्यात ओसरीवरून गुलाबराव म्हणाले, "पोट्टेहो, तीन हप्त्यांपासून मी खरखर ऐकून राहिलो. आज तिथं नटबोल्ट कसून टाका."

यशदीपनं नटबोल्ट कसला. पान्याशिवाय निघणार नाही असा. आठवडाभर भावना पपईकडे फिरकली नाही.

रविवारी नागपूर स्वच्छ लागलं, शेजारच्या खोलीत कुणी बोलावं तसं. नऊ वाजले, दहा वाजले. मग फाटक वाजलं.

इस्त्रीचा शर्ट. हातात हत्यारांची पिशवी नाही.

"काही बिघडलं नाही आज," ती म्हणाली.

"माहीत हाय." तो अडखळला. "मी... तुले भेटाले आलो."

"आठ रविवार लागले तुले हे बोलाले," भावना फाटकाची कडी काढत म्हणाली. "मी तं चौथ्याच रविवारी ठरवलं होतं."