यादीतला दुसरा नंबर

सप्टेंबरातल्या त्या मंगळवारी एश्बॉर्नहून फ्रँकफर्टला निघालेली एस-बान लोकल मधेच बावीस मिनिटं उभी राहिली. ईप्सितानं लॅपटॉप बंद केला, बॅगेतला फोन काढला. मीटिंगपासून तो सायलेंटवर होता. सात मिस्ड कॉल, सातही तिच्या लेकीच्या, मैत्रेयीच्या किटातून – बालवाडीतून. तिनं उलट फोन लावला. एंगेज. पुन्हा एंगेज.

स्टेशनवरून ती धावतच सुटली. छत्री ऑफिसात राहिली होती. चार वाजून पाच मिनिटांनी ती किटाच्या दारात पोचली, तेव्हा केसांतून पाणी निथळत होतं.

आत, पाच वर्षांच्या मुलांसाठी बनवलेल्या इवल्याशा खुर्चीत एक उंच माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. समोर मैत्रेयी. कपाळावर पट्टी, हातात बिस्किट, आणि तोंडानं अखंड जर्मन.

"मग त्या सशाचं काय झालं?" तो मराठीत विचारत होता.

मैत्रेयीनं सविस्तर सांगितलं.

"अस्सं. मला यातलं फक्त ससा कळलं."

"तुम्ही कोण?" ईप्सिता दारातूनच म्हणाली.

तो उठायला गेला. खुर्चीही त्याच्याबरोबर उठली. मैत्रेयी खिदळली. त्यानं दोन्ही हातांनी खुर्ची सोडवली आणि नीट जागेवर ठेवली.

"मी हृषिकेश. ते... मला फोन आला. मुलगी पडली, रक्त येतंय, या. माझी मुलगी नाही, हे सांगून पाहिलं, पण माझं जर्मन तीन आठवड्यांचं आहे."

"आणि तुम्ही आलात?"

"कुणीतरी यायला हवं होतं ना."

मागून बाई आल्या. त्या त्याच आठवड्यात रुजू झाल्या होत्या. जखम किरकोळ आहे, टाके नकोत, म्हणाल्या. आईचा फोन लागेना, म्हणून यादीतला दुसरा नंबर लावला. वडिलांचा.

ईप्सिता मुलांच्या बाकावर बसली.

सिद्धेशला जाऊन तीन वर्षं झाली होती. एका रविवारी सकाळी, छत्तिसाव्या वर्षी, हृदयविकारानं. त्याचा फोन बंद करायचं पत्र तिनं तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा पोस्टात टाकलं नाही. ऑगस्टमध्ये मात्र तिनं तो फोन सिमकार्डासकट महाराष्ट्र मंडळाच्या कपाटात नेऊन ठेवला. नव्यानं आलेल्यांसाठी तिथे कुकर, कोट, रजया असं काय काय असतं. ते कपाट सांभाळणाऱ्या स्नेहलताताईंनी फोन हृषिकेशला दिला होता, त्याचा स्वतःचा नंबर मिळेपर्यंत वापरायला. किटाच्या यादीतून नंबर काढायचा राहिला होता. खरं तर राहिला नव्हता. नाव खोडायला तिचा हात उचलला नव्हता.

बाहेर पाऊस होता आणि छत्री एकच, त्याची. ती त्यानं मैत्रेयीच्या डोक्यावर धरली. त्याचा उजवा खांदा पार भिजला.

"फोन परत देऊ का?" तो हळूच म्हणाला. "आता कळलं, कुणाचा ते."

"नको. वापरा. यादीतून काढते मी नंबर... उद्याच."

"घाई नाही. आला फोन, तर येईन."

तिनं चमकून त्याच्याकडे पाहिलं. तो समोरचं डबकं चुकवण्यात गुंतला होता.

आभार मानायचे म्हणून तिनं त्याला शनिवारी थालीपिठाला बोलावलं. पुढच्या शनिवारी तो तिनं भरून दिलेला डबा परत द्यायला आला. त्याच्या पुढच्या शनिवारी कारण सापडेना, तरी आला. हृषिकेश सांगलीचा, एश्बॉर्नमध्येच एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या कामावर. वय अडतीस. लग्न झालं होतं, दोन वर्षं टिकलं होतं. हे त्यानं पहिल्याच दिवशी कांदा चिरताना सांगून टाकलं. डोळ्यांत पाणी कांद्यानं आलंय, हेही सांगितलं.

मैत्रेयीनं त्याची जर्मनची शिकवणी घेतली. निड्डा नदीच्या काठानं तिघं फिरत. ती झाडाकडे, बदकाकडे, कुत्र्याकडे बोट दाखवी, तो नाव सांगी, ती मान हलवून "नाइन, हृषी. नॉख माल" म्हणे, की त्यानं पुन्हा म्हणायचं.

"फार कडक आहे हो तुमची लेक."

"बापावर गेलीय," ईप्सिता म्हणाली आणि थबकली.

"कसा होता सिद्धेश?"

तीन वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. लोक विषय बदलत, किंवा तिचा हात हातात घेत.

"पसारा करायचा. सगळीकडे उशिरा पोचायचा. आणि चहा... इतका वाईट चहा मी कुठे प्यायले नाही."

"हे बरं झालं. निदान चहात मी बरा ठरेन."

ती हसली. किती मोठ्यानं, ते बदकं उडाली तेव्हा तिला कळलं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी तो म्हणाला, "मला हॅनोव्हरची ऑफर आलीय. कायमची नोकरी. एक जानेवारीपासून. महिनाअखेरीपर्यंत कळवायचंय..."

मैत्रेयी पुढे पानांच्या ढिगात उड्या मारत होती.

"छान," ईप्सिता म्हणाली. "अभिनंदन."

"एवढंच?"

"अजून काय म्हणू?"

तिनं मफलर सारखा केला, जो सारखाच होता.

सिद्धेश गेला तेव्हा मैत्रेयी दोन वर्षांची होती. घंटा वाजली की दाराशी जाऊन बसायची. पोस्टमन आला तरी, शेजारीण आली तरी. पाच महिने. ईप्सितानं तेव्हा एक नियम करून घेतला होता: जो जाणार आहे, त्याची सवय या पोरीला लावायची नाही. आता लागलीच होती, तर हळूहळू मोडायची. पुढचे दोन शनिवार तिनं त्याला कामाचं कारण सांगितलं. त्यानंही जास्त विचारलं नाही.

दुसऱ्या रविवारी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. कुंदाताई अलिबागला एकट्या राहत. नातीशी बोलून झाल्यावर त्यांनी तिला खेळायला पिटाळलं.

"हृषी कोण गं?"

ईप्सितानं हातातला कप खाली ठेवला. "आई, ते... मंडळातले आहेत. ओळखीचे."

"मैतू दर आठवड्याला सांगते. निम्मं जर्मन बोलते, पण माणसाचं नाव मला कळतं. दोन शनिवार आला नाही म्हणे."

"हॅनोव्हरला चाललेत ते."

"थांबा म्हणालीस?"

"मी कशी म्हणणार, आई? आणि माझं चाललंय की. मी सांभाळते."

"हेच." कुंदाताईंनी चष्मा काढला. "सिद्धू गेला तेव्हा मी बॅग भरून बसले होते. तू ये म्हणशील म्हणून. तू म्हणालीस, मी सांभाळते. अगं, माझाही मुलगा गेला होता. मला सांभाळायला काही तरी हवं होतं... तू कुणाला काही मागतच नाहीस. समोरच्याला वाटतं, हिला आपण नकोच."

पडद्यावर कुंदाताईंना डोळे पुसायला पदर पुरेना.

"मला माहीत नव्हतं, आई."

"आता झालं ना माहीत." त्यांनी चष्मा पुसून परत लावला. "बरं, तो मासे खातो का?"

सोमवारी दुपारी साडेबाराला ईप्सिता त्याच्या ऑफिसखाली उभी होती. भुरभुर पाऊस. तो सहकाऱ्यांबरोबर जेवायला बाहेर पडला, तिला पाहून त्यानं त्यांना पुढे जायला सांगितलं.

"मैत्रेयी बरी आहे ना?"

"बरी आहे. मी माझ्यासाठी आलेय." तिनं घरून जुळवून आणलेली वाक्यं आठवून पाहिली. एकही सापडेना. "हे बघ... मला एकटीला जमतं. तीन वर्षं जमलंय, पुढेही जमेल. म्हणून मदतीला कुणी हवं, असं नाही. मला तू हवा आहेस. जाऊ नकोस."

तो एक पाऊल जवळ आला. मग म्हणाला, "ईप्सिता, मी सही करून पाठवली. परवा रात्री."

"हो का."

"तू अभिनंदन म्हणालीस. नंतर दोन शनिवार... मी काय समजायचं?"

"बरोबर आहे," ती म्हणाली. "माझंच..." आणि वळली.

"थांब ना." त्यानं तिची बाही धरली, नुसती बाही. "तिथे शुक्रवारी दोनला सुट्टी होते. सहाच्या आत मी इथे. सोमवारी पहाटेची गाडी. सहा महिने असं काढू, मग इकडची नोकरी शोधतो. मी तुझ्या प्रेमात केव्हाचा आहे, त्या मानानं सहा महिने काहीच नाहीत."

"दर आठवड्याला जाणार?"

"दर आठवड्याला येणार."

तिनं बाहीवरचा त्याचा हात आपल्या हातात घेतला. थंडगार होता. दोघं तसेच पावसात उभे राहिले. शेवटी तो म्हणाला, "जेवलीयस का?" आणि ती नाही म्हणाली.

जानेवारीतल्या पहिल्या शुक्रवारी गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली. मैत्रेयी फलाटावर आईचा हात घट्ट धरून उभी होती. तो उतरला, तेव्हा ती पळत गेली नाही. तो जवळ येऊन गुडघ्यांवर बसेपर्यंत थांबली, आणि आईनं इतके दिवस मनात ठेवलेला प्रश्न तिनं सरळ विचारून टाकला. कधी जाणार?

"सोमवारी."

आणि मग?

"शुक्रवारी येणार."

तिनं बोटांवर मोजलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार. तीन बोटं त्याच्या नाकासमोर धरली.

"गेनाऊ, अगदी बरोबर," हृषिकेश म्हणाला. "मधे तेवढेच."

तिनं आपल्या बोटांकडे एकदा नीट पाहिलं. मग हात खाली घेतला, त्याच्या पाठीवरची पिशवी ओढून आत तिच्यासाठी काय आहे ते शोधायला लागली.