कपाटातली शांतता

स्टुडिओत शांतता रेकॉर्ड करायची नाही. लागली तर कपाटातली घ्यायची. का, ते विचारायचं नाही.

चित्रपट विभागात हा नियम गेल्या सहामाहीनंतर आला, आणि त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. बाहेरच्या माणसाला वाटेल, शांतता काय रेकॉर्ड करायची? पण आवाजाचं काम करणाऱ्याला विचारा. रिकाम्या खोलीलाही आपला आवाज असतो. कुठे पंख्याची घरघर, कुठे ट्यूबची गुणगुण, कुठे नुसता भिंतींचा घुमारा. दृश्य चित्रित झालं की सगळे एक मिनिट पुतळ्यासारखे उभे राहतात आणि माईक त्या खोलीची शांतता टिपून घेतो. संकलनाच्या वेळी दोन संवादांमधल्या फटीत ती भरायची, म्हणजे सांधा कानाला कळत नाही. एका खोलीची शांतता दुसरीला चालत नाही. हे ज्यांनी पहिल्या वर्षी शिकवलं, त्याच उस्तादांनी आता सांगितलं की स्टुडिओची बऱ्याच वर्षांपूर्वीची एक तयार शांतता डिस्कवर घालून कपाटात ठेवली आहे, सगळ्यांनी तीच वापरायची.

उस्ताद म्हणजे आवाजाचे सर. ते नाव पाठीमागचं. तोंडावर त्यांना उस्ताद म्हणणारी एकटी मौनी, आणि तिनं म्हटलेलं त्यांना आवडायचं.

ठिणगी शेवटच्या वर्षाला होती. तिच्या जिभेवर ‘का’ कायम बसलेला. सामानाच्या खोलीतले भांडारवाले म्हणायचे, हिला शुभ सकाळ म्हटलं तरी ही ‘कशावरून?’ विचारेल. पण या नियमाला तिनंही ‘का’ विचारलं नाही. कारण नियम आला तो मौनी गेल्यावर.

मौनी तिची मैत्रीण. बोलणं मोजकं, पण ऐकणं असं की जिन्यावरच्या पावलांवरून माणूस ओळखायची. दोघींनी डिग्रीची फिल्म मिळून करायला घेतली होती. दिग्दर्शन ठिणगीचं, आवाज मौनीचा. स्टुडिओतल्या चित्रीकरणाच्या दिवशी माईकच्या बॅटऱ्या संपल्या, म्हणून ठिणगी सामानाच्या खोलीत गेली. पाच मिनिटांचं काम. भांडारवाल्यांनी अर्जावर दोन सह्या मागितल्या. दोन कशाला, एक पुरे, यावरून तिनं वीस मिनिटं वाद घातला आणि जिंकलीही. बॅटऱ्या घेऊन परतली तेव्हा स्टुडिओच्या दारात गर्दी होती. दिवे टांगायच्या वरच्या लोखंडी जाळीकडे जाणाऱ्या शिडीवरून मौनी खाली पडली होती.

तिसऱ्या दिवशी विभागप्रमुख बाईंनी ठिणगीला बोलावून एक कागद पुढे सरकवला. ‘सदर विद्यार्थिनी कुणाचीही परवानगी न घेता, सूचना डावलून वर चढली.’ बाई मऊ आवाजात म्हणाल्या की ही नुसती औपचारिकता आहे, सगळ्यांनीच सही केली आहे. ठिणगी तर तेव्हा तिथे नव्हतीच. पण रडून रडून तिचं डोकं बधिर झालं होतं. तिनं सही केली. आयुष्यात एकदाच ‘का’ विचारायचं राहिलं, ते नेमकं तिथे.

त्या कागदाची एक प्रत मौनीच्या आईला गेली. काकू घरी कपडे शिवायच्या. ठिणगी भेटायला गेली तेव्हा त्या मशीनवरच होत्या. पाय थांबले नाहीत, मानही वर झाली नाही. म्हणाल्या, मोठ्यांचं ऐकत जा, मोठ्यांचं ऐकत जा, हे मी तिला बोट धरून चालायला शिकवलं तेव्हापासून सांगत आले, आणि शेवटी ऐकलं नाहीच. मेलेल्या मुलीवरचा राग कुठे काढायचा असतो, ते काकूंना माहीत नव्हतं. त्या तो शिवणीत काढत होत्या. कापड फाटायला आलं होतं.

सहा महिने ठिणगीनं फिल्मला हात लावला नाही. मग तारीख डोक्यावर आली तशी बसली. मौनीनं टिपलेले संवाद लखलखीत होते. मधल्या फटींत तिनं कपाटातली शांतता भरली आणि ऐकलं. जुन्या कपड्याला नवं ठिगळ लावावं तसं झालं. पुन्हा लावलं, कमी केलं, वाढवलं. ठिगळ ते ठिगळ. मौनीचं शेवटचं काम असं उसवलेलं दिसावं, हे काही तिला सोसेना. एका बुधवारी, दुपारी जेवणाच्या सुट्टीत, सगळे बाहेर असताना तिनं रेकॉर्डर उचलला, हेडफोन गळ्यात अडकवले आणि स्टुडिओचं दार ढकललं. एक मिनिटाचं तर काम.

बाहेर टळटळीत ऊन. आत दार लागलं तसा काळोख असा बसला की उन्हाची आठवणही उरली नाही. स्टुडिओला खिडकी नव्हती. भिंतींना जाड फोम, खाली गालिचा. इथे स्वतःचं पाऊलही आपलं वाटत नसे. तिनं भिंतीजवळचा छोटा दिवा लावला, माईक मधोमध उभा केला, आणि श्वास धरून बटण दाबलं.

सुरुवातीला काहीच नव्हतं. नुसती ती ओळखीची, दाट, उबदार शांतता. तिचे डोळे भरून आले. हीच. हीच हवी होती. वीस सेकंद. तीस.

मग तिला वास आला. मोठे दिवे पेटले की त्यांच्यावरची धूळ तापते, तिचा. तिनं वर पाहिलं. जाळीवरचे दिवे सगळे बंद होते.

आणि हेडफोनमध्ये, अगदी कानाशी, कुणीतरी घसा साफ केला.

“उस्ताद... कमरेला बांधायचा बेल्ट नाहीये इथे.”

मौनीचा आवाज. तोच, हळू, शब्दाच्या शेवटी जरासा घसरणारा. पुढे थोडी फट. तिथे कुणीतरी उत्तर दिलं असावं, पण ते ऐकू येत नव्हतं. फक्त तेवढा वेळ गेला.

“नाही... माईक टांगायला खालून हात नाही पोहोचत.”

पुन्हा फट.

“ठिणगी येऊ दे ना. शिडी धरेल ती... आलीच असेल.”

ही फट सगळ्यांत लांब होती. आले गं, आले, असं काहीतरी म्हणत ठिणगीचे ओठ हलत होते. सामानाच्या खोलीत ती त्या घडीला काय करत होती, ते तिला शब्दन् शब्द आठवलं. दोन सह्या कशाला, काका? नियम आहे म्हणून? कुणी केला नियम?

“बरं,” मौनी म्हणाली. “चढते.”

मग शिडीच्या पायऱ्या. लोखंडावर रबरी चपलेचा बारीक आवाज. एक, दोन, तीन. ठिणगी मोजत गेली. अकरा झाल्या. बारावी आलीच नाही. आणि तिथे सगळंच गेलं. रेकॉर्डरवरचा हिरवा ठिपका, जो रिकाम्या खोलीतही थोडा थरथरतो, तो सपाट पडला. जगाचाच आवाज कुणी बंद केल्यासारखं झालं. मिनिट संपलं.

ती बाहेर उन्हात पायरीवर बसली. तिथेच तिनं पुन्हा लावून ऐकलं. सगळं रेकॉर्ड झालं होतं. तिसऱ्यांदा ऐकताना भीती मागे पडली आणि नुसतं दुःख उरलं, ओलं, जड. मौनीनं कुणाचंही सांगणं मोडलं नव्हतं. नको म्हणत म्हणत ऐकलं होतं. आयुष्यभर ऐकत आली तसंच. तिनं काकूंना फोन केला. एवढंच म्हणाली, काकू, या. उद्या सकाळी या. मौनीबद्दल आहे.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता बाईंच्या खोलीत चौघं होती. टेबलामागे बाई. बाजूच्या खुर्चीत उस्ताद, हल्ली फारच वाळलेले. समोर काकू, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. ठिणगी उभी. तिनं रेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि सांगितलं, मी काल स्टुडिओत शांतता रेकॉर्ड केली.

बाईंच्या कपाळावर आठ्या आल्या. नियम मोडलास, असं त्या म्हणणार होत्या. पण उस्ताद आधी बोलले.

“कितव्या सेकंदापर्यंत ऐकलंस?”

आत काय आहे, हे त्यांनी विचारलं नाही. तिला तिथेच कळलं, नियम का केला होता. बाईंनाही कळलं की तिला कळलं. त्या चटकन उठल्या, दार लावून आल्या, आणि समजावणीचा सूर धरला. जुन्या इमारतीत असले आवाज येतात. मनाचे खेळ असतात. तुझी फिल्म उत्तम झाली आहे, उगाच वर्ष वाया घालवू नकोस. ती फाइल पूस, कपाटातली शांतता लाव, आणि विषय संपव. गेलेल्या मुलीलाही शांती मिळू दे. हे सगळं त्या काकूंकडे न बघता म्हणाल्या.

“मोठ्यांचं ऐक गं,” काकूच म्हणाल्या, थकलेल्या आवाजात. “तुझं तरी चांगलं होऊ दे.”

या शब्दांनीच ती गेली, काकू, असं ठिणगीला ओरडून सांगायचं होतं. त्याऐवजी तिनं हेडफोन काकूंच्या कानांवर ठेवले, केस मागे सारले, आणि बटण दाबलं.

काकू ऐकत राहिल्या. आधी चेहरा कोरा होता. मग त्यांचे हात पिशवीवरून सुटले. मग ओठ हलले. एकेक शब्द त्यांच्या चेहऱ्यावर उमटत होता, आणि उस्ताद तो चेहरा वाचत होते. त्यांना हेडफोनची गरजच नव्हती. “पाच मिनिटांचं काम होतं,” ते पुटपुटले, कुणाला म्हणून नव्हे. “मला वाटलं...”

अकराव्या पायरीच्या सुमारास काकूंच्या घशातून एक बारीक आवाज आला. तो ऐकून उस्ताद ताडकन उठले. त्यांनी हेडफोनची वायर रेकॉर्डरमधून उपटली, रेकॉर्डर बंद केला, बॅटऱ्या काढून टेबलावर टाकल्या. एक बॅटरी घरंगळत खाली गेली.

“झालं. बंद झालंय, ताई. काढा ते.”

काकूंनी हेडफोन काढले नाहीत. एक हात वर करून त्यांनी सगळ्यांना थांबवलं. बोलू नका, असा. मान थोडी तिरकी, डोळे मिटलेले. वायरीचं टोक त्यांच्या मांडीवर मोकळं पडलं होतं.

बाईंचा चेहरा पांढरा पडला. “काढ ते त्यांच्या कानांवरून,” त्या ठिणगीला म्हणाल्या. “आत्ता. तुझी डिग्री माझ्या सहीवर आहे, लक्षात ठेव.”

“नाही.”

“हे बघ...”

“नाही काढणार. फाइल पुसणार नाही, आणि मागे केलेली सही मी परत घेणार. डिग्रीचं काय ते तुम्ही करा.” तिचा आवाज चढला नव्हता. तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटलं. “सहा महिने तुम्ही दोघंच ऐकत होतात. आता तिच्या आईला ऐकू द्या.”

बाई खुर्चीत बसल्या. उस्ताद उभेच राहिले, हात लोंबकळत. त्या बंद खोलीत तापलेल्या धुळीचा वास हळूहळू भरत गेला.

काकू मान डोलावत होत्या. “हं,” त्या म्हणाल्या. “हं... बोल, ऐकतेय मी.” गालावरून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. मग त्यांच्या कपाळावर आठी आली, पलीकडून काही विचारल्यावर येते तशी. डोळे न उघडता त्यांनी उस्तादांच्या दिशेनं किंचित मान वळवली.

“हो गं,” त्या हलकेच म्हणाल्या. “इथेच आहेत ते.”